डमरूचा डी

"बी की डी?" मी विचारलं.

"डी," नसीम म्हणाली.

"नक्की?"

"स्क्रीनवर एसडीडी लिहिलंय, विश्राम. आता काय शपथ घेऊ?"

मी हेडफोन पुन्हा कानांवर चढवले. नसीम मुजावर माझ्या डाव्या हाताला बसायची. दिवसभरात मी तिला हा प्रश्न किती वेळा विचारतो याचा हिशोब आम्ही दोघांनीही सोडून दिला होता. ती हातातलं काम थांबवायची, माझ्या स्क्रीनकडे वाकून बघायची आणि अक्षर सांगायची. चिडायची नाही. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आमची कंपनी पुण्यात बाणेरला होती, लहानशी. रुग्णालयं, बँका, सरकारी कार्यालयं यांना माहिती साठवायचे बॉक्स बनवून द्यायची. एका बॉक्समध्ये सहा हार्ड डिस्क, तीन वरच्या ओळीत, तीन खालच्या. माहिती सहाही डिस्कवर अशी पसरून ठेवलेली असायची, की एखादी बंद पडली तरी उरलेल्या पाचजणी मिळून तिची उणीव भरून काढत. बंद पडलेली ओढून काढायची, त्या खणात नवी सरकवायची, झालं काम. पण एक बंद असताना दुसरी गेली तर मात्र सगळंच गेलं.

माझं काम कर्नलचं. यंत्र सुरू झालं की सगळ्यात आधी जागा होतो आणि यंत्र बंद होईपर्यंत जागा राहतो, तो प्रोग्रॅम म्हणजे कर्नल. आपल्याला काय काय जोडलंय हे तोच चाचपून बघतो आणि जे सापडेल त्याला नाव देतो. पहिली डिस्क सापडली की एसडीए, दुसरी सापडली की एसडीबी, मग सी, डी, ई, एफ. डोळे होते तोवर या नावांकडे माझं कधी लक्षही गेलं नव्हतं.

आधी डाव्या डोळ्याचा पडदा सरकला, मग वर्षाच्या आत उजव्याचा. ऑपरेशनं झाली, पुण्याला झाली, चेन्नईला झाली, आणि एका डॉक्टरांनी शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवून आता पुढचं शिकायला लागा असं सांगितलं. मी एकोणतीस वर्षांचा होतो. पांढरी काठी शिकलो. कॉम्प्युटर स्क्रीनवरचं वाचून दाखवतो, ते ऐकायला शिकलो. आणि एक दिवस भावाबरोबर रिक्षात बसून जुन्या ऑफिसात गेलो आणि मला परत यायचंय असं म्हणालो.

आमचे साहेब जयसिंग बाबर, मूळचे विट्याचे. मनुष्यबळ विभागाने मला भरपाई देऊन मोकळं करायचे कागद तयार ठेवले होते. बाबर सरांनी ते बाजूला सारले. "त्याला आधी काम तर करू द्या," म्हणाले. "दिवाळीपर्यंत बघू." इतर कुठल्या ऑफिसात एवढंही झालं नसतं हे मला माहीत होतं.

पण काम सरकत नव्हतं. कॉम्प्युटरचा आवाज पत्र्यावर पाऊस पडावा तसा, उच्चार विलायती, आणि मी तो भरभर लावायचो, कारण हळू लावला तर एका पानाला दुपार व्हायची. त्या वेगात बी, सी, डी, ई या चौघी सख्ख्या बहिणी होऊन जात. अक्षर सुटं करून ऐकता यायचं, पण शेकडो ओळींच्या नोंदीत प्रत्येक ठिकाणी थांबून अक्षर सोडवत बसलं तर धागाच हातातून जायचा. म्हणून मी नसीमला विचारायचो.

त्या दिवशी चहाला खाली गेलो तेव्हा तिने विषय काढला.

"कर्नल आपला आहे ना?" ती म्हणाली. "आपणच बांधतो, आपणच बॉक्समध्ये घालतो. मग नावं बदलू."

"कसली?"

"डिस्कची. कुठली डिस्क कुठल्या खणात बसलीय हे बॉक्सच्या बोर्डाला ठाऊक असतं. कर्नलने त्याला विचारायचं आणि खणावरून नाव द्यायचं. आधी कोण सापडली, मग कोण सापडली, हे मोजत कशाला बसायचं?"

"हे माझ्यासाठी का?"

"तुझ्यासाठी समज."

"मग नको."

कपावर बशी ठेवल्याचा आवाज झाला. "का नको?"

"उद्या कुणीतरी म्हणेल, विश्रामला ठेवायचं तर मालसुद्धा बदलावा लागतो."

"कोण म्हणेल?"

"म्हणणार नाहीत. मनात येईल त्यांच्या. नसीम, माझ्यासाठी काही करू नकोस. अक्षर सांगतेस तेवढं खूप आहे."

तरीही सोमवारच्या बैठकीत तिने ते मांडलं. माझं नाव तिने घेतलं नाही. खणावरून नावं दिली तर चुका कमी होतील, एवढंच म्हणाली. बाबर सरांनी नीट ऐकून घेतलं.

"कल्पना वाईट नाही," ते म्हणाले. "पण आपले एवढे बॉक्स बाहेर गेलेत. बाहेरच्या पोरांना जुनी नावं पाठ आहेत, प्रत्येक बॉक्सच्या झाकणावर तक्ता चिकटवलाय, ए म्हणजे पहिला खण, बी म्हणजे दुसरा. ते सगळं कशाला हलवायचं? विश्रामला सोयीचं पडत असेल तर त्याच्या टेबलावरच्या बॉक्समध्ये घाल की. विक्रीच्या मालात नको."

ते प्रेमाने बोलत होते. त्यांच्या आवाजातच ते होतं. पण खोलीत एकाएकी सगळे गप्प झाले आणि सगळे माझ्याकडे बघतायत हे मला डोळ्यांशिवाय कळलं.

बैठक संपल्यावर जिन्यात मी तिला गाठलं.

"मी तुला नको म्हटलं होतं."

"मी तुझं नाव घेतलं नाही."

"घ्यावं लागलं का?"

त्या दिवसापासून मी तिला अक्षर विचारणं बंद केलं. एकेका ओळीवर थांबायचो, अक्षर सोडवायचो, पुढे जायचो. आधी एका सकाळीत होणारं काम दोन दिवस पुरायला लागलं. नसीम मध्येच विचारायची, "काही बघू का?" आणि मी म्हणायचो, नको, जमतंय.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात बाबर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सकाळची वेळ होती. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला तेव्हाच मी ओळखलं.

"बस," ते म्हणाले. "विश्राम, मी सरळच बोलतो. तुझ्या डोक्याबद्दल मला कधी शंका नव्हती, आजही नाही. पण वेळ फार लागतोय. तुलाही दिसतंय ते." मग ते अडखळले. "म्हणजे, कळतंय."

"दिसतंय म्हटलं तरी चालतं, सर."

"पुस्तिका लिहायला माणूस हवाय. बॉक्स कसा लावायचा, बिघडला तर काय करायचं, हे सगळं. तुझं मराठी चांगलं, इंग्रजी चांगलं. पगार तोच राहील. हे काम कमी आहे असं समजू नकोस."

मी समजत नव्हतो. कुणीतरी चांगल्या पुस्तिका लिहायलाच हव्यात. पण मला कर्नल येत होता. मी त्यात वर्षं घातली होती, आणि आता तो दरवाजा बाबर सर इतक्या हळुवारपणे लावत होते, की आवाजसुद्धा येऊ नये. मी कपाकडे हात नेला, कान सापडला नाही, हात परत मांडीवर ठेवला.

तेवढ्यात फोन वाजला.

बाबर सरांनी तो स्पीकरवर टाकला. मराठवाड्यातले आमचे दुरुस्तीचे कारागीर संदेश खिल्लारे बोलत होते. मागे जनरेटर धडधडत होता, त्यामुळे ते ओरडूनच बोलत होते.

"सर, कॅन्सर हॉस्पिटलातनं बोलतोय. पहाटे लाईट गेली हुती, आपला बॉक्स धाडकन बंद पडला. आता चालू केलाय, पण लाल दिवा लागलाय. एक डिस्क मेलीय म्हणतोय. मॅडम मशीन सुरू करंनात."

"मला द्या फोन," एका बाईंचा आवाज आला. रुग्णांना किरणांचा डोस किती द्यायचा, हे मोजून ठरवणाऱ्या त्या तिथल्या तज्ज्ञ, वाघमारे मॅडम. "कुणाला आजपर्यंत किती डोस दिला हे सगळं तुमच्या बॉक्समध्ये आहे. आमच्याकडची प्रत गेल्या आठवड्यातली आहे. त्यानंतरचं गेलं, तर मी अंदाजाने कुणाला किरण देणार नाही. बाहेर माणसं बसलीत. काही जण रात्रीच्या एसटीने आलेत."

"जाणार नाही काही, मॅडम," बाबर सर म्हणाले. "अशा वेळेसाठीच तो बॉक्स आहे. खिल्लारे, यंत्राची नोंद मला मेल केली का? हां, आली." त्यांच्या माऊसचा आवाज झाला. "एसडीडी. ती मेलीय. ती काढा आणि नवी घाला."

जनरेटरच्या धडधडीतून उत्तर आलं. "बरं सर. तीच काढतो."

"कुठली काढताय, सांगा एकदा."

"एसडीबी सर."

"बरोबर. काढा."

लोक समजतात की आंधळ्याचे कान तीक्ष्ण होतात. माझे झाले नाहीत. मला बाबर सरांपेक्षा काहीच जास्त ऐकू आलं नव्हतं. फरक एवढाच होता की त्यांच्या डोळ्यांपुढे डी लिहिलेला होता, म्हणून त्यांना डी ऐकू आला. माझ्यापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. मला नुसता एक ईकार ऐकू आला, आणि तसा ईकार आला की विचारून घ्यायची मला सवय लागली होती.

"खिल्लारे, थांबा," मी म्हणालो. "कशाला हात लावू नका."

"कोण बोलतंय?"

"विश्राम केळुसकर. सरांच्या शेजारीच आहे. तुम्ही म्हणालात ते अक्षर कुठलं? बदकाचा बी की डमरूचा डी?"

"बदकाचा," खिल्लारे म्हणाले. "दुसरा खण. हात ठेवलाय त्यावर."

बाबर सरांची खुर्ची करकरली. "हात काढा," ते एकदम हळू आवाजात म्हणाले, आणि मग मोठ्याने, "हात काढा तिथनं. डमरू. डमरूचा डी म्हणालो मी."

"मला बदकच ऐकू आलं, सर." खिल्लारेंचा आवाज उतरला होता. "मग चौथा खण. तक्त्यावर डी म्हणजे चौथा."

"हां, चौथा."

मी चौथ्याला हो म्हणणार होतो. पण आठवडाभर त्या नोंदी एकेका अक्षराने चघळत बसल्यामुळे डिस्क सापडण्याचा क्रम माझ्या डोक्यात घोळत होता. "खिल्लारे, आज बॉक्स चालू केला तेव्हा सगळ्या डिस्क एकदम फिरायला लागल्या का?"

"एक जरा मागनं उठली. घरघरत उठली. बाकीच्या झाल्यावर."

"कुठल्या खणातली?"

"ते काय कळलं नाही. मी मागच्या बाजूला हुतो."

बाबर सरांनी कर्नल माझ्या आधी दहा वर्षं हाताळला होता, त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. एक डिस्क मागे राहिली, की कर्नल तिला शेवटी मोजणार. तिच्या पुढच्या सगळ्या एकेक अक्षर अलीकडे सरकणार. आज कर्नल जिला डी म्हणत होता ती कुठल्या खणात बसलीय हे झाकणावरच्या तक्त्याला माहीत असणं शक्यच नव्हतं.

"नसीमला बोलाव," ते म्हणाले. मग मी उठायच्या आधी स्वतःच दार उघडून त्यांनी हाक मारली.

नसीम आली, तिने दोन वाक्यांत सगळं ऐकून घेतलं. "मेलेली शोधायला नको," ती म्हणाली. "जिवंत शोधू. प्रत्येक खणाला हिरवा दिवा आहे ना? वाचन चालू असलं की तो लुकलुकतो. एकेका डिस्कमधून थोडं थोडं वाचायचं आणि कुठला दिवा लुकलुकतो ते बघायचं. जिचा दिवा कशानेच लुकलुकणार नाही, ती मेलेली."

"इथून वाचता येत नाही," बाबर सर म्हणाले. "त्यांच्याकडे बाहेरून शिरायची सोय नाही. खिल्लारेंनाच टाईप करावं लागणार. म्हणजे परत अक्षरं."

"मग अक्षरांना नावं देऊ," नसीम म्हणाली. "ए अननस. बी बदक."

"सी सीताफळ," मी म्हणालो.

"डी डमरू. ई ईडलिंबू."

"एफ फणस," फोनमधून खिल्लारे म्हणाले.

मी सांगायला लागलो. खिल्लारे एकेक अक्षर परत म्हणून दाखवायचे, मगच मी पुढचं सांगायचो. वाघमारे मॅडम बॉक्ससमोर उभ्या राहून दिवे बघत होत्या.

"अननस," मी म्हणालो.

"पहिला खण लुकलुकतोय," मॅडम म्हणाल्या.

"बदक."

"तिसरा."

बी तिसऱ्यात होती. दुसऱ्या खणातली मागे राहिली होती.

"सीताफळ."

"चौथा."

चौथा. तक्त्यावरून काढायला सांगितलेला, धडधाकट, चालू असलेला चौथा खण. बाबर सरांचा हात टेबलावर पडल्याचा आवाज झाला.

डमरू तर मेलेलीच, ती वगळली. "ईडलिंबू."

"सहावा."

"फणस."

"दुसरा," वाघमारे मॅडम म्हणाल्या. "पाचवा एकदाही लुकलुकला नाही."

"पाचवा काढा, खिल्लारे," बाबर सर म्हणाले.

लोखंडी खिटी सुटल्याचा आवाज फोनवरही स्पष्ट आला. मग नवी डिस्क सरकवल्याचा. मग नुसता जनरेटर. बऱ्याच वेळाने खिल्लारे म्हणाले, "बॉक्सनं घेतली, सर. तिच्यात माहिती भरायला लागला."

वाघमारे मॅडमनी आदल्या दिवशीचे डोस स्वतः उघडून पाहिले, एकेक नाव वाचत गेल्या. आम्ही ऐकत राहिलो. कुणाचे वीस झालेले, कुणाचे तीन. "सगळे आहेत," त्या शेवटी म्हणाल्या, आणि फोन खाली ठेवताना त्या दार उघडून बाहेर कुणाला तरी, "या आजी, आत या," असं म्हणाल्या ते आम्हाला ऐकू आलं.

माझा चहा गार झाला होता. बाबर सरांनी कप माझ्या हातात दिला, कान माझ्या बोटांकडे वळवून.

"त्या पुस्तिकांचं नंतर बघू," ते म्हणाले.

पुढच्या बैठकीत त्यांनी स्वतःच विषय काढला. काय घडलं ते त्यांनी काही न लपवता सगळ्यांना सांगितलं, आपण काय ऐकलं तेही. मग म्हणाले, "नावं बदलायची. सगळ्या बॉक्सवर. नसीम, तुझं ते कुठवर आलंय? तू लिहायला घेतलं होतंस ना?"

"घेतलं होतं, सर. पण चालत नाही. बोर्डाशी बोलणं मध्येच तुटतं." ती पुढे म्हणाली, "माझ्याकडे दुसरं कामही आहे. विश्रामला द्या."

मला ते ऐकून आश्चर्य वाटलं, कारण नसीमचं काम सहसा अडत नसे. पण सगळ्यांचंच कधी ना कधी अडतं. मी तिला तिचं लिहिलेलं मागितलं, तर म्हणाली, "पुसलं मी ते. चुकीच्या पायावर उभं होतं. तू नव्यानेच कर."

मी नव्याने केलं. दिवाळीची सुट्टी मध्ये गेली, मी घरीही तेच करत बसलो. बोर्डाला प्रश्न विचारायचा, तो उत्तर देईपर्यंत थांबायचं, उत्तर आलं नाही तर काय करायचं, डिस्क उशिरा उठली तर काय करायचं. दुसऱ्याचं वाचायचं नव्हतं, म्हणून अक्षरांवर अडखळायचंही नव्हतं. सगळ्या गोष्टींना मीच नावं देत होतो, आणि ती मला ऐकून ओळखता येतील अशीच देत होतो. आंधळा झाल्यानंतर पहिल्यांदा माझी बोटं माझ्या विचाराच्या वेगाने चालली.

खणांच्या नावांवर मात्र आम्ही दोघांनी मिळून काम केलं. नसीम खाली वॉचमनच्या खोलीत जायची, ऑफिसचा जनरेटर चालू करायला लावायची आणि तिथून मला फोन लावायची. मी नावं वाचायचो, ती ऐकून लिहायची. आधी मी वरच्या ओळीला अपर आणि खालच्या ओळीला लोअर ठेवलं होतं. जनरेटरच्या आवाजात दोन्हींचा नुसता 'अर' उरला. मग टॉप आणि बॉटम केलं, आणि पुढे लेफ्ट, मिडल, राईट. टॉप-लेफ्ट. बॉटम-मिडल. वॉचमन काकांनाही ऐकवलं. त्यांनी सहापैकी सहा बरोबर सांगितली, आणि वर विचारलं की हे कसलं खूळ आहे.

कर्नलमध्ये बदल करताना तो कशासाठी केला हे एका ओळीत लिहावं लागतं. मी लिहिलं, "ज्यांना बॉक्स दिसत नाही त्यांच्यासाठी." लिहिल्यावर मलाच ते खुपलं. शेवटी तेच झालं, माझ्यासाठी बदल. मी ती ओळ खोडायला निघालो.

"राहू दे," नसीम म्हणाली. "बरोबर आहे."

"बैठकीत वाचून दाखवतील. सगळ्यांना वाटेल माझ्याबद्दल आहे."

"त्या दिवशी केबिनमध्ये आपण तिघं होतो," ती म्हणाली. "कुणाला दिसत होता बॉक्स?"

ती ओळ तशीच राहिली. बाबर सरांनी बैठकीत ती वाचली, पुढचंही सगळं वाचलं, दोन ठिकाणी मला उलटतपासणी घेतल्यासारखे प्रश्न विचारले, आणि बदल मंजूर केला. नवे तक्ते छापले गेले. दिवाळीपर्यंत बघू म्हटलेलं कुणाला आठवलं नाही, की सगळ्यांनी ते विसरायचं ठरवलं, ते मला माहीत नाही. पुस्तिका लिहायला नाशिकची एक मुलगी आली, तिने त्या फार सुरेख लिहिल्या.

त्यानंतर मी तिथेच बारा वर्षं काम केलं, नंतर दुसरीकडे गेलो, तिथे माझ्या हाताखाली माणसं आली. लग्न झालं. मुलगी झाली. नसीम सांगलीला परत गेली, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला लागली. आमचे फोन होत राहिले, ईदला, दिवाळीला, मध्येच काही अडलं की.

बाबर सर निवृत्त होऊन विट्याला राहायला गेले होते. मागच्या हिवाळ्यात मी आणि बायको त्यांना भेटायला गेलो. ते थकले होते, पण आवाज तसाच होता. जेवण झाल्यावर अंगणात बसलो. बोलता बोलता त्या फोनचा विषय निघाला.

"तुला म्हणून सांगतो," ते म्हणाले. "आता काय लपवायचं. नसीमचं चालत होतं."

"काय चालत होतं?"

"नावांचं. तिने बैठकीत चालत नाही म्हणून सांगितलं ना, त्याच्या आदल्याच संध्याकाळी मी तिच्या टेबलावर ते चालवून पाहिलं होतं. सहाही खण बरोबर. एक डिस्क उशिरा उठवून पाहिली, तरी बरोबर. मी तिला म्हटलं, उद्या मांडू आपण. तर म्हणाली, सर, हे तुम्ही पाहिलं नाही असं समजा. मी पुसून टाकते. हे विश्रामने लिहायला पाहिजे."

मी खुर्ची त्यांच्या आवाजाकडे सरकवली.

"मी तिला म्हटलं, त्याला जमलं नाही तर? तर म्हणाली, त्याला जमेल, फक्त त्याला दुसऱ्याचं वाचायला लावू नका." सरांनी घसा साफ केला. "तुला जमलं नसतं, तर मला तुला पुस्तिकांना पाठवावं लागलं असतं, आणि तिचं पुसलेलं होतं. धोका होता, बाबा. पण मी हो म्हणालो. मला स्वतःलाही बरंच काही फेडायचं होतं."

परतीच्या वाटेवर चहाला थांबलो तेव्हा मी नसीमला फोन लावला.

"तुझं चालत होतं," मी म्हणालो.

"काय रे?"

"नावांचं. बॉक्सचं."

पलीकडे तिच्या घरात कुणीतरी नळ बंद केला. "बाबर सरांना मी सांगू नका म्हटलं होतं," ती म्हणाली.

"सगळं पुसलंस?"

"सगळं. ठेवलं असतं तर एखाद दिवशी घाईत मीच काढून दिलं असतं." मग जरा वेळाने म्हणाली, "शिवाय माझं एवढं चांगलं नव्हतंच. मी खणांना नुसते आकडे दिले होते. तुझी नावं बरी होती."

"मला सांगायचं होतंस, नसीम. निदान नंतर."

"सांगितलं असतं तर तू घेतलं नसतंस. तुला तेव्हा कुणी काही दिलं की तू लगेच परत करायला धावायचास. साधं अक्षर सांगितलेलंसुद्धा तू परत केलंस मला."

ते खरं होतं. समोरच्या टेबलावर चहाचे ग्लास ठेवल्याचा आवाज आला.

"हे आता परत करता येत नाही," मी म्हणालो.

"म्हणून तर दिलं," नसीम म्हणाली, आणि माझी मुलगी यंदा कितवीला गेली ते विचारायला लागली.